जप्त झालेलं पेट्रोल

महापुरात हायवे बंद पडला आणि कोल्हापूरच्या पंपांवर दोऱ्या बांधल्या गेल्या. होतं नव्हतं ते पेट्रोल रुग्णवाहिका आणि बोटींसाठी राखलेलं. ते ठीकच होतं. पण मग कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा पंक्चरवाला बाटल्या भरभरून कुठलं विकत होता? तेही दुप्पट भावानं. समोरच्या डेअरीत दूध बाहेरगावी जाईना म्हणून फुकट वाटत होते आणि इकडे हा गडी अडलेल्यांचे गळे कापत होता. माझं डोकंच फिरलं. भागातल्या पुढाऱ्यांच्या ऑफिसात फोन करून मी चांगलं सुनावलं. चौकशी करतो म्हणाले. असं म्हणणारे मी खूप ऐकलेत.

दुसऱ्या दिवशी आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डायलिसिस होतं. आधीची पाळी पुरात चुकलेली. पाय सुजले होते, आडवं झालं की धाप लागायची. रुग्णवाहिकेचा फोन कुणी उचलेना. शेजारचे रिक्षावाले काका म्हणाले, "रिक्षा दारात हाय, पर टाकी कोरडी हाय. पेट्रोल तेवढं आणा."

म्हणजे त्याच पंक्चरवाल्याचं तोंड बघणं आलं. मनातल्या मनात शिव्या घालत मी दुप्पट पैसे दिले, बाटली पिशवीत घातली आणि वळले, तर समोर तीन गाड्या येऊन उभ्या.

पुढारी उतरले. मागून दोन अधिकारी आणि मोबाईलवर शूटिंग करणारे कार्यकर्ते. माझ्याच फोनमुळे आले होते, आणि नेमके आत्ता!

"किती लावतोस रे?" पुढाऱ्यांनी विचारलं.

पंक्चरवाला जराही डगमगला नाही. "ह्या ताईस्नीच इचारा की साहेब. पंपाच्याच भावानं दिलंय. व्हय का न्हाय, ताई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर बाटली घेऊन घर गाठता आलं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू बघितलं आणि मला राहवलंच नाही.

"दुप्पट घेतलेत ह्यानं!"

कार्यकर्त्यांच्या टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी दुकानाला सील ठोकलं, बाटल्या जप्त केल्या आणि माझ्यापुढे हात केला. पुरावा म्हणून माझीही हवी होती. मी आण्णांचं सांगून बघितलं, विनवलं. नियम म्हणजे नियम. पुढारी सगळ्यांना हात जोडत गाडीकडे निघाले. मी पळत जाऊन त्यांच्या गाडीचं दार उघडलं आणि आत बसले.

"पेट्रोल तुम्ही नेलंत, आता आण्णांनाही तुम्हीच न्या."

शूटिंग चालूच होतं. पुढारी हसले, ड्रायव्हरला माझ्या घराकडे जायला सांगितलं आणि स्वतः मागच्या गाडीत जाऊन बसले.

आण्णांना मी उशीला टेकवून बसवलं. गाडीत गारवा होता, पेट्रोलचा काटा पार भरल्याच्या खुणेवर होता. मी सारखी त्यांचा श्वास ऐकत होते. झालेलं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

"ब्येस केलंस. पर परवाच्या पाळीला कशानं जायाचं गं?"

मी ड्रायव्हरकडे बघितलं. त्यानं ऐकलं होतं.

"मला आजचंच सांगितलंय, ताई," तो म्हणाला.