न लागलेली आग

त्या सकाळी नांदुऱ्याकडच्या एका तेलगिरणीचे तीन भागीदार आमच्या ऑफिसातल्या बाकावर बसले होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. नवं यंत्र कुठं बसवायचं यावरून तिघांचं बिनसलं होतं आणि निवाडा खर्चेसाहेबांनी करायचा होता. साहेबांना कधी उशीर होत नसे. मी उगाच नकाशा पसरत होते, गुंडाळत होते, पुन्हा पसरत होते. तेवढ्यात साहेबांच्या शेजारचे डॉक्टर जिना चढून आले आणि दारातच थांबले. "सुलभाताई, जरा बाहेर या..." चहाचा कप हातात असतानाच साहेब गेले, एवढंच त्यांनी सांगितलं. मी आत येऊन तिघांना म्हटलं, साहेब येणार नाहीत. थोरला म्हणाला, "मंग उद्या येऊ का?"

मनोहर खर्चे नेमके काय करत, हे मलकापुरातल्या पुष्कळांना शेवटपर्यंत कळलं नाही. मुंबईत गिरण्यांना यंत्रांबद्दल सल्ला देणाऱ्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ते गावी परतले, तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. विजेचे खांब खेड्यांकडे निघाले होते. ज्याच्या त्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, धडधडणारं ऑइल इंजिन होतं आणि ज्याला त्याला आता मोटार हवी होती. स्टेशनाजवळच्या एका अडत दुकानाच्या वर साहेबांनी 'सल्लागार अभियंते' अशी पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी पाटी वाचत वर आला. "तुमी मशीन इकता का?" नाही. "रिपेर करता?" नाही. "मंग करता काय?" साहेब म्हणाले, "कोणतं घ्यायचं, कुठं बसवायचं अन् काय करायचं नाही, ते सांगतो." "अन् हे सांगाचे पैशे घेता?" साहेब ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगत आणि डोळे पुसेपर्यंत हसत.

मी अमडापूरची. घरचा भाजीपाल्याचा मळा. अमरावतीला नकाशे काढायचं शिकून आले होते, पण मुलीला ऑफिसात पाठवायला वडील तयार नव्हते. साहेब त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, घेऊन आमच्या घरी आले. "पोरीले पुरुषाइच्या कारखान्यात नेसान?" वडिलांनी विचारलं. साहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "नेईन. मोजमाप घ्याले कारखान्यातच जा लागते. अन् मीच परत आणून सोडीन." वहिनी तेवढ्यात माझ्या आईशी वांग्याच्या रोपांबद्दल बोलत बसल्या होत्या. त्यांच्यामुळे होकार मिळाला असं मला आजही वाटतं.

या कामात एक ताण असतो, तो बाहेरच्याला दिसत नाही. आम्ही कुठल्याही फाटकातून आत शिरलो की बोलणी थांबायची. मालकाने मनात आधीच काहीतरी ठरवलेलं असायचं आणि आमच्या तोंडून त्याला तेच ऐकायचं असायचं. इंजिन चालवणाऱ्याला वाटायचं, हे आपल्या पोटावर पाय द्यायला आले. फोरमन खरं सांगायचा नाही. आम्ही दोन-चार दिवसांचे पाहुणे, आणि आमच्या शब्दावर त्यांचं पुढचं आयुष्य चालायचं. साहेब अशा वेळी फार हळू बोलत. आवाज जितका हळू, तितके ते आतून अस्वस्थ, हे मला पुढे कळू लागलं.

तो आवाज सगळ्यात हळू झालेला मी ऐकला तो आबासाहेबांच्या जिनिंगमध्ये. डोणगावच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचा कारखाना. आबासाहेब मोठे जमीनदार, बोलायला मोकळे, रागाला कडक. आम्ही त्यांना लिहून दिलं होतं की जिनिंगच्या हॉलमध्ये कापसाची भुरी, बारीक तंतूंची धूळ, सतत हवेत उडते आणि ठिणगीनं पेटते, म्हणून मोटारी पूर्ण बंदिस्त घ्या आणि स्विच भिंतीच्या बाहेर लावा. नकाशा मी काढला होता. त्यांनी मान डोलावली होती. दिवाळीच्या सुमारास शेवटची पाहणी करायला गेलो, तर हॉलमध्ये उघड्या मोटारी बसवलेल्या. त्यांच्या फटींतून आतली तांब्याची तार दिसत होती. स्विच तिथेच, हाताशी. साहेबांनी वाकून एका फटीवरची भुरी बोटानं उचलली आणि आबासाहेबांसमोर धरली.

"बंद मोटारी याले लई वेळ लागत होता," आबासाहेब म्हणाले. "सीझन काय माह्यासाठी थांबते? तुमी सही करा. वीजवाले तुमच्या कागदापायी अडून बसले. परवा पुढारी येऊन राह्यले बटन दाबाले."

"ह्या चालू करू नका, आबासाहेब."

"तुमचं काम सांगाचं. तुमी सांगतलं. आता सही करा."

"सही केली म्हंजे मी चालवा म्हणून सांगतलं असं होते."

आबासाहेब उठून उभे राहिले. हॉलमध्ये फिटर होते, मुनीम होता, सगळे बघत होते. "या जिल्ह्यात तुमाले दुसरं काम भेटू देत नाही," ते म्हणाले. "पाहूनच घेतो."

बाहेर यंत्रात कापूस निवडून घालणाऱ्या बाया फाटकापाशी बसल्या होत्या. मोटारी सुरू होणार म्हणून कामाला आलेल्या. आत काय झालं ते त्यांना आम्ही बाहेर येण्याआधीच कळलं होतं. पारबतीबाई नावाची एक थोराड बाई गाडीच्या आडवी आली. "भाऊ, तुमी सही काऊन नाही करत?" साहेब खाली उतरले. "बाई, मोटारीतून ठिणगी उडाली तं आतमंदी तुमी राहसान. मी नाही. आबासाहेब नाही." ती म्हणाली, "जळन ते मंग पाहू. पयले काम तं भेटू द्या. आमची चूल आजच इझली." मागून कोणीतरी ढेकूळ मारलं, ते गाडीच्या टपावर फुटलं. दुसरं काचेवर आलं. ओट्यावरून आबासाहेब बघत होते, कोणालाही थांबवत नव्हते. मी आत बसून हँडल घट्ट धरलं होतं. मला वाटलं, साहेब आता आत बसतील... ते बसले नाहीत. त्या बायांना ते शांतपणे सांगत राहिले, की आत गेलात तर मागचं दार उघडं ठेवायला लावा, भुरी साचू देऊ नका, धूर दिसला की कापूस वाचवायला थांबू नका. कोणी ऐकत होतं असं वाटलं नाही. गाडी हमरस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर मीही ढेकूळ मारलं असतं."

सही दुसऱ्या कोणीतरी केली. पुढारी आले, बटण दाबलं, पेढे वाटले गेले. आणि आग लागली नाही. पूर्ण हंगाम लागली नाही. आबासाहेबांनी शब्द खरा केला, दोन वर्षं आमच्याकडे धड काम आलं नाही. ऑफिसातले दुसरे इंजिनिअर नारखेडे जळगावला निघून गेले. जाताना म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर होतं, पण ऑफिस बरोबर असण्यावर चालत नाही." हॉटेलात, न्हाव्याकडे लोक साहेबांना विचारू लागले, काय साहेब, लागली का आग? साहेब हसून म्हणत, "नाही ना. बरं झालं."

पण हंगाम सुरू झाला की त्यांचं कामात लक्ष नसे. डोणगावच्या बाजूची मेहकरची एसटी स्टँडवर आली की ते खाली उतरून कंडक्टरला गाठत. "डोणगावकडं काय नवीन?" कंडक्टर म्हणे, काही नाही. मग ते वर येऊन कामाला लागत. एकदा मी धीर करून म्हटलं, साहेब, एकदा आग लागली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "खरं सांगू सुलभाताई? पहिल्या वर्षी मलाही तसं वाटलं होतं. लहानशी लागावी... आत कोणी नसताना. मग त्या दिवशी जेवण गेलं नाही मला." पुन्हा हा विषय आम्ही काढला नाही. हळूहळू कामं परत येऊ लागली. तोंडावर नाही म्हणणारा माणूस काहींना मुद्दाम हवा असतो, हे कळायला जिल्ह्याला वेळ लागला. एसटीची चौकशी मात्र दरवर्षी चालू राहिली, अगदी या हंगामापर्यंत.

तेराव्याला आबासाहेब साहेबांच्या घरी आले. काठी घेऊन, एकटेच. ओट्यावर माझ्या शेजारी बसले आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "त्या मोटारी मी तिसऱ्याच सालात बदलल्या. बंद बसवल्या. स्विच भिंतीच्या भाईर... तुमच्या नकाशात होते तसेच."

मला आधी नीट समजलंच नाही. "काऊन बदलल्या?"

"एक डाव धूर निघाला. माह्याच हातानं बटन बंद केलं."

"अन् साहेबाले काऊन नाही सांगतलं?"

"मलकापूरले आलो का तुमच्या जिन्यापर्यंत येऊ अन् परत जाऊ. चार लोकाइपुढं त्याले तसं बोललो होतो. कोणत्या तोंडानं सांगू?"

मला फार राग आला. एवढी वर्षं एक माणूस कंडक्टरपुढे उभा राहत होता... मी उठले आणि आत स्वयंपाकघरात वहिनींना सांगितलं. त्या पानं वाढत होत्या. "दिवाळी झाली का दरसाल त्याइचं जेवण कमी होत जाय," एवढंच म्हणाल्या. मग ताट तिथेच ठेवून बाहेर गेल्या. आबासाहेब चपला पायात घालत होते. वहिनी आता काय बोलतील या धास्तीनं मी मागे उभी राहिले.

"आबासाहेब, जेवून जा," त्या म्हणाल्या.

त्यांनी चपला काढल्या. वहिनींनी स्वतः वाढलं आणि समोर पाटावर बसल्या. आबासाहेब खाली मान घालून घास घेत होते.

"धूर निघाला तवा आतमंदी कोण होतं?" वहिनींनी विचारलं. साहेबांनीही पहिलं हेच विचारलं असतं.

"बाया होत्या," ते म्हणाले. "मागचं दार उघडं होतं. समद्या घरी गेल्या."