गॅरेजमधली पोती

आम्ही त्याला 'मास्तर' म्हणायचो. आम्ही म्हणजे मिनेसोटातल्या आमच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी तीन-चार मराठी टाळकी. तो युगांडाचा. तिकडच्या विद्यापीठात लेक्चरर होता, बायको-मुलांना तिथंच ठेवून डॉक्टरेटसाठी आला होता. समोर कुणीही असो, बोलताना फळ्यावर लिहिल्यासारखा त्याचा हात हवेत फिरायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. आमची टेबलं शेजारी-शेजारी, गाइड एकच, आणि त्या गाइडबद्दलचं मतही एकच. ऐंशीच्या दशकाच्या मधली ही वर्षं.

दोस्ती जमली ती एका आकृतीवरून. मी त्याला सांगितलं की नागपूरला शिकताना मी स्पेक्ट्रोफोटोमीटरची, म्हणजे प्रकाश मोजायच्या यंत्राची, आकृती इतकी सुबक काढायचो की आमच्या तिथल्या सरांनी ती वर्गात फिरवली होती. दिवा, फट, प्रिझम, सगळं पट्टीनं आखून, नावं देऊन. आणि इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका करड्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? तेच ते होतं. तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाला, "माझी पोरं आत्ता तीच आकृती काढत असतील."

त्याच्या विभागात ते यंत्र होतं, पण त्याचा दिवा गेला होता. नवा दिवा परदेशातून मागवायचा तर परकीय चलन हवं, आणि ते सरकारकडेच नव्हतं. "त्यावर कापड घालून ठेवलंय," तो म्हणाला, "पाहुणे आले की कापड काढतो." त्याच्या वर्गाला रसायनं मिळत नव्हती, जर्नलं येणं कधीच थांबलं होतं, बरोबरीचे बरेच शिक्षक देश सोडून गेले होते. तरी वर्ग भरत होता. तो परत येईल आणि एम.एस्सी.चं संशोधन पुन्हा सुरू होईल, या भरवशावर काही मुलं थांबली होती. त्यांच्याविषयी तो 'माझी पोरं' असंच बोलायचा, घरच्या पोरांपेक्षा जरा जास्तच.

आणि अशा माणसाला आमच्या गाइडनं विषय काय द्यावा? खोलीभर पसरलेल्या चुंबकाच्या मशीनवरचा. ते मशीन चालवायला द्रवरूप हीलियम लागतं, आणि त्याच्या गावी धड वीज नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! विमानात बसल्याबरोबर निरुपयोगी होईल अशी विद्या तो चार वर्षं मन लावून शिकत होता. मला या गोष्टीचा फार राग यायचा. त्याला यायचा नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

खरा विषय त्यानं स्वतःच शोधला, तोही ईडन प्रेरी या जवळच्या उपनगरात, जेवणाच्या टेबलावर. तिथं एक डॉक्टर काका आणि काकू राहायचे, अमेरिकेत अगदी सुरुवातीला आलेल्या मराठी माणसांपैकी. आम्हा सगळ्या मराठी विद्यार्थ्यांचं रविवारचं जेवण तिथं, आणि कायमचा पत्ताही तोच, कारण आम्ही दरवर्षी स्वस्त खोलीच्या शोधात बिऱ्हाड हलवायचो. एका रविवारी मी मास्तरला घेऊन गेलो. अमेरिकन दुकानातल्या टॅपिओकाच्या दाण्यांची खिचडी करून काकूंनी हात टेकले होते, तिची दर वेळी खळ व्हायची. पण नुकतंच जर्सी सिटीहून कुणीतरी खरा साबुदाणा आणून दिला होता, त्यामुळे काकू खुशीत होत्या. मास्तरनं एक घास घेतला, दुसरा घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"मॅडम, हा आमचा कसावा आहे."

लहानपणापासून प्रत्येक उपासाला साबुदाणा खाऊन, वर रसायनशास्त्राची पदवी घेऊन, तो कुठल्या कंदापासून होतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं सगळं समजावून सांगितलं, हवेत हात फिरवत. कसाव्याची एक जात गोड, एक कडू. कडव्यात सायनाइड असतं. बायका तो कंद सोलून तीन-तीन दिवस पाण्यात भिजत घालतात, मग वाळवतात, तेव्हा विष उतरतं. सगळ्या बायकांना हे ठाऊक असतं. पण दिवस वाईट आले, घरात दुसरं काही नसलं की तेवढं थांबवत नाही, आणि माणसं आजारी पडतात, मुलं आधी.

तेव्हापासून तो कसाव्यावरचे पेपर गोळा करायला लागला. त्यातला एक त्याच्या फार जिवाभावाचा. यंत्र नको, दिवा नको. पिवळ्या कागदाची एक पट्टी बाटलीत कंदाच्या तुकड्यावर लटकवून ठेवायची. विष असेल तर पट्टी तांबूस होते. किती तांबूस म्हणजे किती विष, याचं टेबल त्या पेपरात होतं. हे काम शाळामास्तरही करू शकेल, असं तो म्हणायचा. त्याची पोरं गावोगाव जाऊन कंद तपासतील आणि त्यातूनच त्यांचे प्रबंध होतील. गाइडला त्यानं हे उत्साहानं सांगितलं. गाइड म्हणाला, हे केमिस्ट्री नाही, स्वयंपाक आहे.

त्याच सुमारास आमच्या विभागाच्या लायब्ररीनं जागा नाही म्हणून जर्नलांचे जुने अंक कॉरिडॉरमध्ये काढून ठेवले, ज्याला हवेत त्यानं न्यावेत म्हणून. आम्ही दोघांनी ते जवळजवळ सगळे उचलले. छापील मजकूर बोटीनं स्वस्तात पाठवायला अमेरिकन पोस्ट कॅनव्हासची पोती देतं. मायदेशी परतणारे आपले विद्यार्थी पुस्तकं तशीच धाडायचे, त्यामुळे ती युक्ती मला माहीत होती. काकूंच्या गॅरेजमध्ये आमचा कारखाना सुरू झाला. मी काकूंच्या वजनकाट्यावर पोतं उचलून उभा राहायचो, काका चष्मा सावरत काट्याशी वाकायचे, आणि काकू दारातून ओरडायच्या, "अरे, पाठ सांभाळ! बॅक गेली ना, की लाइफटाइम प्रॉब्लेम!"

पोत्याला वजनाची मर्यादा होती आणि वजन घटता घटेना, म्हणून मी अंकांतली जाहिरातींची पानं फाडायला घेतली. चकचकीत, जड पानं. नव्या यंत्रांचे रंगीत फोटो, शेजारी हसऱ्या बाया. मास्तरनं माझा हात धरला.

"ती नको फाडू. पोरांना तीच आधी दाखवायची आहेत. यंत्र कसं दिसतं ते तरी कळेल."

मी पानं खाली ठेवली. मग त्यानंच तोड काढली. जाहिराती कापून स्वतःच्या बॅगेत घातल्या आणि पेपर सगळे पोत्यांत. मला ते उलटं वाटलं. निदान तो पट्टीचा पेपर तरी जवळ ठेव, मी म्हटलं.

"वाटेत चौक्या असतात," तो म्हणाला. "चित्रं बघितली की सैनिक हसतात, एखादं मागूनही घेतात. आकड्यांचा कागद दिसला की प्रश्न विचारतात. 'सायनाइड' असं छापलेला कागद खिशात घेऊन मी चौकीवर उभा राहू? पोस्टाचं पोतं कोण उघडणार? कृती मला पाठ आहे."

त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून आम्ही सवयीनं काकांचाच लिहिला, कारण काका कुठं हलणार नव्हते.

गाइडनं त्याला आणखी दोन वर्षांची नोकरी देऊ केली होती. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं की थांब, तिकडची हवा बघ, मग जा. त्यानं ऐकलं नाही. "वर्ग आहे," एवढंच म्हणाला, बस चुकेल म्हणावं तसं. मी परत न जाण्याचं तोवर मनाशी ठरवून टाकलं होतं. विमानतळावर त्याच्याकडे बघताना मला त्याचा हेवा वाटत होता आणि त्याची भीतीही वाटत होती.

तो गेल्यावर काही महिन्यांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चौकटीत बातमी आली की युगांडात सत्तापालट झाला. एवढंच. पलीकडे गालिच्यांच्या सेलची अर्धं पान जाहिरात. मी फोन लावून पाहिले, विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन आलो. तिथल्या बाईंनी फार सहानुभूती दाखवली आणि मला कॉफी दिली.

मग थंडीत काकूंचा फोन आला. "अरे, तुमची पोती रिटर्न आलीत. पोस्टमन ड्राइव्हवेवर टाकून गेला, सगळी बर्फात. काकांनी आत ओढली." पाठवलेली पाचही परत आली होती. वरचा शिक्का इतका पुसट होता की कारण वाचता येईना. पोस्टात जाऊन विचारलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, तिकडं सध्या पोती घेत नाही, पुन्हा कधी घेणार ते माहीत नाही. मी त्याच्यावर चिडलो. त्याचा काय दोष? पण दुसरं चिडायचं तरी कुणावर!

आणि अचानक मास्तरचा फोन आला, अर्थात काकूंकडे. मी नव्हतो. काकूंनी त्याला बजावलं की रविवारी दुपारी कर, हमखास भेटेल. त्या रविवारी मी सकाळपासूनच फोनशेजारी बसून होतो. दुपारी घंटा वाजली. तो काही सामान आणायला नैरोबीला आला होता, कुणाच्या तरी ऑफिसातून बोलत होता, आवाज विहिरीतून आल्यासारखा. घरचे सुखरूप होते. वर्ग सुरू केला होता. जाहिराती भिंतीवर लावल्या होत्या, आणि पोरं त्यांवरून आकृत्या काढत होती.

"पोती अजून पोचली नाहीत," तो म्हणाला. "पण येतील."

मी सांगितलं. पाचही इथं आहेत, माझ्या मागच्या गॅरेजमध्ये.

फोनवरचं एकेक मिनिट महाग. तो म्हणाला, "मग एक काम कर. तो पट्टीचा पेपर काढ आणि टेबल मला वाचून दाखव. कृती पाठ आहे, पण आकड्यांची खात्री वाटत नाही. पट्ट्या केल्यात, कंद आणलेत. खात्री नसताना लोकांना कसं सांगू, की हा खा आणि तो टाक?"

मी रिसीव्हर काकूंच्या हातात दिला आणि गॅरेजकडे धावलो. काका मागून झाडं कापायची कात्री घेऊन आले. पोती सगळी सारखी, बाहेरून काही खूण नाही. काकांनी नाड्या कापल्या, मी गठ्ठे उपसत गेलो. बोटं गारठली होती, सुतळीच्या गाठी सुटत नव्हत्या, आणि त्या गाठी मीच मारलेल्या, पक्क्या, हजारो मैल टिकाव्यात म्हणून. आतून काकूंचं इंग्रजी कानावर येत होतं. आधी त्यांनी त्याला, जेवलास का, विचारलं. मग बायकोची, मुलांची चौकशी. पहिल्या पोत्यात नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. काका म्हणत होते, "शांतपणे बघ, शांतपणे." मला ओरडावंसं वाटत होतं. चौथ्या पोत्यात, मधल्या गठ्ठ्यात तो सापडला. समासात मास्तरच्या अक्षरात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

मी धावत स्वयंपाकघरात आलो. काकू रिसीव्हर छातीशी धरून उभ्या होत्या.

"कट झाला रे," त्या म्हणाल्या. "आत्ताच. वन मिनिटसुद्धा झालं नसेल."

त्याचा नंबर आमच्याकडे नव्हता. तिघंही फोनकडे बघत उभे राहिलो, अर्धा तास तरी. मग काकू बोलायला लागल्या. "मी त्याला म्हटलं, तुमच्या बायकांना सांग, नीट भिजवा, घाई करू नका, आम्ही साबुदाणासुद्धा ओव्हरनाइट भिजवतो. तर हसला. म्हणाला, मॅडम, पाण्यापाशी सैनिक असतात. तीन दिवस तिथं कोण थांबणार?" त्या खुर्चीवर बसल्या. "आणि तुला निरोप दिलाय. म्हणाला, त्याला सांगा, धावपळ करू नको, पानं फाटतील."

टेबलाच्या फोटोकॉप्या मी त्याच्या विभागाच्या पत्त्यावर विमान टपालानं पाठवल्या, पुन्हा पुन्हा पाठवल्या. त्यातली एकही परत आली नाही. परत आलं नाही म्हणजे पोचलं, असं काकू म्हणायच्या. तो पुढं वर्गात उभा राहिला की नाही, त्याची पोरं गावोगाव गेली की नाही, मला कधीच कळलं नाही. ओळखीच्या ओळखीतून विचारत राहिलो. कुणी म्हणे तो दुसऱ्या देशात गेला, कुणी म्हणे त्या नावाचा कुणी नव्हताच.

काकांनी त्याच आठवड्यात दुकानात जाऊन फोनसाठी लांबलचक वायर आणली, स्वयंपाकघरातून गॅरेजच्या आत, पोत्यांपर्यंत पोचेल एवढी. मी वरच्या पोत्यावर तो पेपर टेबलाचं पान उघडून ठेवला. कित्येक रविवार जेवण झालं की काका फोन उचलून तिथं नेऊन ठेवायचे आणि आम्ही थंडीत कोट घालून शेजारी बसायचो. फोन यायचे. कधी काकूंच्या मैत्रिणीचा, कधी दुसऱ्या राज्यातल्या अर्विंगहून काकांच्या भावाचा. काका तो लवकर आटपायचे, लाइन मोकळी राहावी म्हणून.