येथे लिहून मिळेल

तीन माणसं एका टेबलाशी बसली की किस्से धुळीसारखे साठतात. झाडावेत म्हटलं तर खालून आणखी निघतात! आमचं टेबल पेणच्या कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडखाली. शांताराम टाईपरायटर बडवायचा. डॅनियलभाऊ बोर्ड रंगवायचे. ते आमच्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, शनिवारी ब्रशला हात लावणार नाहीत. आणि मी, सातवीत मला कंटाळून शाळेनेच सोडलेला, मी शब्द पुरवायचो.

आता रोह्याच्या कंपन्यांतली शिकलेली पोरं विचारतात, "काका, चांगलं कसं लिहायचं?" का नाही विचारणार? पेणपासून रोह्यापर्यंत लोक आमच्या शब्दावर थांबले, चालले आणि त्यांनी पापडसुद्धा तळले! एकदाच आमची अक्कल पणाला लागली होती, आणि तिच्याबरोबर हमरापूरच्या सुमनवहिनींचा गणपतीचा कारखाना. ते शेवटी सांगतो. आधी थोडं खरडणं.

*

धंदा सुरू केला तेव्हा शांतारामने बोर्ड लिहवून घेतला, 'येथे शुद्ध मराठी लिहून मिळेल.' दिवसभर माशी फिरकली नाही. संध्याकाळी एक म्हातारी आली. बोर्डाकडे बघत म्हणाली, "शुद्ध म्हंजे तुपातलं काय रे? मंग म्हाग असंल."

मी डॅनियलभाऊंना सांगितलं, "'शुद्ध मराठी' पुसा."

दुसऱ्या दिवसापासून रांग! गिऱ्हाईक ज्या शब्दाला बिचकतं तो शब्द कितीही गोरा असो, घालवायचा. शांताराम आठवडाभर माझ्याशी अशुद्ध मराठीतसुद्धा बोलला नाही.

*

शांतारामचा जीव स्वल्पविरामात. कुणी चुकीच्या जागी दिला की त्याला विटाळ झाल्यासारखं व्हायचं. "स्वल्पविरामाला सोवळं लागतं!" हे त्याचं पालुपद. आम्ही जाम हसायचो.

जिते गावच्या एका बागायतदाराला फाटकावर पाटी हवी होती. 'कुत्रा चावतो, मालकाला विचारून आत या.' शांताराम चहाला गेला होता. मी संधी साधली आणि डॅनियलभाऊंना स्वल्पविराम जरा पुढे सरकवायला सांगितला.

आठवड्याने बागायतदार धापा टाकत आला. "अरे, अख्खा गाव मला विचारतो, शेट, कुठं चावला!"

पाटीवर होतं, 'कुत्रा चावतो मालकाला, विचारून आत या.'

शांतारामने माझ्याकडे असं बघितलं, की कुत्रा परवडला!

*

रोह्याच्या एका कंपनीत टाकीवर पाटी होती, 'पूर्वपरवानगीशिवाय टाकीत उतरण्यास सक्त मनाई आहे.' आत विषारी वायू. तरी कामगार खुशाल उतरायचे. साहेब हैराण. "काहीतरी जालीम लिहून द्या," म्हणाला.

मी शिफ्ट सुटताना गेटवर उभा राहिलो, पोरांची बडबड ऐकली, आणि लिहून दिलं, 'बायकोला विचारून उतर.'

साहेब म्हणाला, "हे काय ऑफिशियल आहे का?" पण लावली बिचाऱ्याने. त्यानंतर आत एक माणूस उतरला नाही. एका फिटरला मी विचारलं, "काय रे, साहेबाची पाटी जुमानत नव्हतास, मग आता काय झालं?"

तो म्हणाला, "सायबाला गुंडाळता येतं हो काका. घरी कोण विचारनार?"

*

पापडाच्या पाकिटावर मागे कृती छापायची होती. शांतारामने सुंदर लिहिली, 'कढईत तेल ओतून त्यात पापड अलगद सोडावा.' माझा नियम साधा. जो लिहील, त्याने वाचून तसंच करून दाखवायचं. शेजारच्या टपरीवरून स्टो आणि कढई आणली. शांताराम ब्रह्मचारी, आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. त्याने स्टो पेटवला नाही, कारण ते लिहिलंच नव्हतं! गार तेलात पापड सोडून बराच वेळ बघत बसला.

"पापड सोडला. आता?"

"आता लिहायचं सोड!" मी म्हटलं.

*

आता सुमनवहिनी. नवरा गेल्यावर बाईने एकटीने कारखाना चालवला. मूर्ती अशा, की बघत राहावं. पण लांबच्या शहरात माल पोचला की गणपतींच्या सोंडा मोडलेल्या! व्यापाऱ्याने निरोप धाडला, 'या खेपेला एक जरी सोंड मोडली, तर पुढच्या वर्षी दुसरीकडून घेईन.'

वहिनींनी एक मोडकी सोंड आमच्या टेबलावर ठेवली. "भावजी, हमाल खोकी फेकतात. काय पन लिवा, पन माझा कारखाना वाचवा."

शांतारामने टाईप केलं, 'सदर मूर्ती नाजूक असल्याने योग्य ती दक्षता घ्यावी.'

मी म्हटलं, "हे वाचून होईपर्यंत हमालाच्या हातून खोका पडेल!"

मग मी खोक्यावर वरच्या दिशेचा बाण काढायला लावला. ट्रकवाल्याकडून एक खोका चढवून बघितला. त्याने तो सरळ आडवा ठेवला आणि म्हणाला, "बाण वडखळच्या रस्त्याकडे केलाय. बरोबर ना?"

माझी अक्कल संपली. म्हटलं, "डॅनियलभाऊ, खोक्यावर गणपतीच काढा. देवाला कोण फेकील?"

डॅनियलभाऊंनी ब्रश खाली ठेवला. "आमच्यात देवाचं चित्र काढत नाय रे."

वहिनीच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ. तुमचा धरम तुमच्याजवळ." आणि मोडकी सोंड पदरात घ्यायला लागल्या.

"थांब गो," डॅनियलभाऊ म्हणाले. ते त्या सोंडेकडे बघत होते. "शांताराम, तुझा तो स्वल्पविराम. वर गोल डोकं आणि खाली शेपूट, व्हय ना?"

त्यांनी लाल रंगाचा डबा उघडला आणि प्रत्येक खोक्यावर हातभर मोठा स्वल्पविराम काढला. "हा काय देव नाय. स्वल्पविराम काढायला मला कोन अडवतो?"

ट्रक गेला. तो परत येईपर्यंत वहिनी रोज टेबलाशी येऊन बसायच्या. मी एकही चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

शेवटी ड्रायव्हर आला. वहिनी उठून उभ्या राहिल्या. "सोंडा?"

"एक पन नाय मोडली! हमालांनी चपला काढून, हात धुऊन खोकी उतरवली. खाली ठेवताना नमस्कार!"

"का रे?" मी विचारलं.

"का म्हंजे? खोक्यावर उजव्या सोंडेचा गणपती नाय का? लई कडक!"

डॅनियलभाऊ पत्र्याकडे बघायला लागले. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. आणि शांतारामने शर्टाची कॉलर नीट केली.

"मी कधीचा सांगतोय," तो म्हणाला, "स्वल्पविरामाला सोवळं लागतं!"