पदराच्या चिंध्या

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. किन्हीराजा गावाच्या वाटेवरच्या शेतात एक शेतकरीण मला रोज दिसे. नाव कधी विचारलं नाही. त्या साली मर रोगानं तिची तूर उभ्या उभ्या वाळली होती. सकाळच्या धुक्यात ती वाळल्या ओळींतून सावकाश चाले. हिरवं झाड दिसलं की पदराची चिंधी फाडून त्याला बांधे. बियाण्यासाठी राखल्याची ती खूण.

“याले शेंगा तर चारच हायेत,” मी एकदा म्हणालो.

“उभं राह्यन्यातच थ्याची ताकद गेली, भाऊ,” झाडाला कुरवाळत ती म्हणाली.

पुढच्या साली त्याच बियाण्याचं वावर धुक्यात सलग हिरवं उभं होतं. शेंगा मात्र विरळच. आखूड पदर सावरत ती पुन्हा हिंडत होती. आता चिंधी बांधायला ती शेंगांनी वाकलेलं झाड शोधत होती.