तिसरी हाक

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उलट वाडीवाडीवर जाऊन ‘आजारी पडलात तर भगताकडे नको, डॉक्टरकडे जा’ असं सांगून घसा कोरडा करणारी. आमचे कार्यकर्ते मला ‘विज्ञानताई’ म्हणून चिडवायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण इतकी वर्षं पोटात ठेवून आता जड झालंय.

९५-९६ च्या सुमाराची गोष्ट. पेणला एका गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर आमच्या संघटनेची खोली होती. काम मुख्यतः कातकरी वाड्यांवर. दिवाळी झाली की मुकादम ट्रक आणायचा आणि वाडीच्या वाडी घाटावर कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. सगळेच परत यायचे असं नाही. निडी स्टेशनपासून आत एक वाडी आहे, तिथली येसू परत आली, तिचा नवरा सोमा आला नाही. येसूचं म्हणणं — मुकादमाशी भांडण झालं, त्यानं सोमाला ट्रकमध्ये घालून नेलं आणि ट्रक रिकामा परत आला. मुकादम म्हणे, पळून गेला. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

त्याच सुमारास मला सामाजिक न्यायाच्या कामासाठीच्या एका आंतरराष्ट्रीय फेलोशिपबद्दल कळलं. ती मिळाली तर वकील घेऊन भट्ट्यांवर जाता येणार होतं, सोमाचा शोध घेता येणार होता. येसूला मी तसा शब्दच दिला. अर्जासोबत लोकांच्या तोंडची हकिगत कॅसेटवर मागितली होती, शिवाय तिचं इंग्रजी भाषांतर. भर दुपारी येसूच्या झोपडीत रेकॉर्डिंग केलं. कॅसेट कोरी, वेष्टन मी स्वतः फाडलेलं. भाषांतर करताना इतक्यांदा ऐकली की पाठ झाली. अष्टमी गावातल्या टायपिंग क्लासमध्ये भाषांतर टाइप करून घेतलं, कॅसेटची एक कॉपी ठेवली आणि सगळं पाठवून दिलं.

मुलाखत मुंबईत होती. पॅनेलवरच्या एका मराठी बाईंनी विचारलं, "मध्येच हाका मारणारा पुरुष कोण? भाषांतरात त्याचा उल्लेख नाही."

मी म्हटलं, "असा कुणी नाहीच." त्यांनी टेप लावली. येसू बोलतेय... आणि लांबून एक घोगरा आवाज — "येसू गो..." जरा वेळानं परत, "येसू गो..."

‘वाडीतलं कुणीतरी असेल’ म्हणून कशीबशी वेळ मारून नेली.

पेणला येऊन आमची कॉपी लावली. तिच्यातही त्याच दोन हाका! माझा सहकारी विजय म्हणाला, "आधीचं काहीतरी राहिलं असेल." कोऱ्या कॅसेटवर आधीचं काय राहणार? मी त्याला गप्प बसायला सांगितलं, पण त्याच्या पोटात काही राहतंय होय! दोन-तीन दिवसांत येसू दारात हजर.

"लाव गो ताई. मला ऐकू दे."

आमच्या भागात एक समजूत आहे. माणूस दिसत नसताना नावानं हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक आली तर समजायचं, हाक मारणारा जिवंत आहे. मी या गोष्टीची वाड्यांवर कितीदा तरी चेष्टा केली होती.

टेप लावली. पहिली हाक आली. येसू हलली नाही. दुसरी आली, तेव्हा तिनं पदर तोंडात धरला. मी बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात...

"येसू गो..."

"ओ!" येसू इतक्या जोरात ओरडली की खाली गणपती रंगवणारे धावत वर आले.

"त्यो जिता हाय, ताई! मेल्याला तिसरी हाक येत नाय."

"येसू, मशीनचा काहीतरी घोळ असेल. फेलोशिपचं कळू दे, आपण वकील घेऊन जाऊ. एकटी जाऊ नकोस."

"तवर त्यो थांबल काय? म्या ओ दिलीय आता."

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले तर झोपडीला कडी. ती निघून गेली होती.

फेलोशिप मिळाली. पत्र हातात घेऊन मी रडले, आणि ते आनंदाचं रडू नव्हतं. वकील घेऊन भट्ट्या पालथ्या घातल्या, अडकलेली काही कुटुंबं सोडवून आणली. सोमा कुठेच नव्हता. शेवटी एका भट्टीवरच्या मजूर बाईनं सांगितलं, "यायची एक बाई. येडी व्हती. कुनी बोलावलं नसलं तरी मधीच ‘ओ’ द्यायची. मंग एक दिस ओ देत देत रानात गेली ती गेलीच." त्यापुढे माग लागला नाही.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. सोमाच्या हाका आता तिच्यात नाहीत, एकही नाही. येसू बोलतेय ते शब्दन् शब्द तसंच आहे. फक्त तिच्या बोलण्याच्या मागे, लांबून, तिचाच आवाज येतो... "ताई गो..."

दोनदा.

हे काय आहे, मला आजही सांगता येत नाही. घरचे म्हणतात, फेकून दे ती कॅसेट. मला नाही फेकवत. विज्ञानताई म्हणून कुणी हसलं तरी हसू दे. मी ती अधूनमधून लावते आणि दुसऱ्या हाकेनंतर टेप पार संपेपर्यंत तशीच बसून राहते. तिसरी आली तर मी ओ देणार आहे.