भासऱ्यांची मूठ आणि माझे डिस्कस

दुसऱ्यांदा डिस्कस मासे घरी आणले ते हौसेने नाही. खुन्नस म्हणून आणले. हौस पहिल्यांदा होती. ती कशी मेली ते आधी सांगते, म्हणजे पुढचं माझं वागणं तुम्हाला वेडेपणा वाटणार नाही. वाटलं तर वाटू द्या.

पहिले चार डिस्कस नागपूरहून आणले होते. पुरीएवढे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा. मोहाडीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत काचेची टाकी मांडली. हा मासा भारी नाजूक. नव्या घरी आला की काळा पडतो, कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो, खात नाही. त्याला तसंच राहू द्यायचं असतं. दिवा बंद, काचेवर कापड, पाणी कोमट आणि स्वच्छ. दुकानदाराने निघताना मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "ताई, उपाशी राहून मरत नाहीत हे. लोक खाऊ घालून मारतात."

त्याच आठवड्यात आमचे भासरे आले. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सिहोऱ्याकडे त्यांची धानाची शेती, शेतात धानाला पाणी द्यायची बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि बोडीत रोहू-कतला. मासोळ्यांना ते धानाचा कोंडा आणि ढेप, म्हणजे पेंड, कालवून मुठीमुठीने फेकतात. त्यामुळे साऱ्या तालुक्यात मासोळी आपल्यालाच कळते, असा त्यांचा समज. मोहाडीचा बाजार असला की जेवायला आमच्याकडे. त्या दिवशी राईस मिलमधून घेतलेली कोंड्याची थैली हातातच होती.

आता आमच्याकडची रीत सांगते. भासऱ्यापुढे बहू बोलत नाही. डोक्यावरून पदर, नजर खाली, नाव तर तोंडाने घ्यायचंच नाही. शाळेत वर्गभर पोरांवर ओरडणारी मी, भासऱ्यापुढे लग्नापासून मुकी. काही सांगायचं असलं तर नवऱ्यामार्फत. नवरा त्या वेळी न्हाणीत होता.

मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. भासऱ्यांनी काचेवरचं कापड बाजूला केलं. "अगा माय! मासोळ्या उपाशी मारून राहिली काय ही?" असं टाकीलाच म्हणाले आणि थैलीत हात घातला. मी खाकरले. बांगड्या वाजवल्या. न्हाणीच्या दाराकडे पाहून "अहो, अहो" केलं. शेवटी परात खाली पाडली, अशी की शेजारी ऐकू जावी.

"परात पडली वाटते," भासरे म्हणाले, आणि मूठ टाकीत सोडली. मग दुसरी. मग हात झटकून हाताला चिकटलेला कोंडाही त्याच पाण्यात.

बोलता येत होतं मला. घशापर्यंत शब्द आले होते. रीत आडवी आली, आणि त्या रीतीला मी आजही शिव्या देते. नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला तोवर पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं. आम्ही पाणी उपसलं, नवीन घातलं, हवेचा पंप वाढवला. मासे वर येऊन तोंडं उघडत राहिले. दुसऱ्या दिवशी चारही आडवे.

भासऱ्यांना कळवलं तर म्हणाले, "एवढ्याशा मासोळीचा तर रस्साही नाही होत." इथवरही मी गिळलं असतं. पण पुढच्या लग्नसराईत, नात्यातल्याच एका मांडवात, पंगत बसलेली, मी वाढत होते, आणि भासऱ्यांनी ती गोष्ट रंगवून सांगितली. बहूने मासे पोसले, बहूने मासे मारले. लोक हसले. मग ते म्हणाले, "हिच्या हातात काही टिकतच नाही बापा."

हसणं थांबलं. कारण सगळ्यांना माहीत होतं. माझं दोनदा पोट पडलं आहे. दुसऱ्या वेळी सहावा महिना होता.

माझ्या हातात वरणाची बादली होती. ती त्यांच्या डोक्यावर ओतावी, असं वाटलं. खरंच वाटलं, आणि त्याची मला आजही लाज नाही. नवऱ्याने पत्रावळीतून मान वर केली नाही. त्याच्यावरचा राग वेगळा, तो मी घरी आल्यावर काढला. भासऱ्यांवरचा मात्र मी जपून ठेवला.

म्हणून पुन्हा मासे. नवरा म्हणाला, "पुन्हा कायले?" मी म्हटलं, "तुमच्या दादाले दाखवाले."

या वेळी पुन्हा चारच आणले. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग एक वाटी टाकीचं पाणी पिशवीत, थोडं थांबायचं, पुन्हा एक वाटी. कंबर मोडली, पण घाई केली नाही. थंडी होती, म्हणून हीटर लावून पाणी कोमट ठेवलं. बदलायचं पाणी आदल्या दिवशीच ड्रममध्ये भरून ठेवायचं, तेही कोमट करूनच घालायचं. रोज तळातली घाण नळीने ओढायची. टाकीपुढून कोणी धाडधाड चालायचं नाही, काचेवर बोट आपटायचं नाही. नवऱ्याला टीव्हीसुद्धा हळू. लोक असं काम करताना देवाचं नाव घेतात. मी भासऱ्यांचं घेत होते, मनातल्या मनात, शेलक्या विशेषणांसकट. लिहिताना 'ते' लिहिते आहे, मनात 'तो' होता आणि 'तो'च राहील.

तिघे लवकर सावरले. रेघा उजळल्या, खायला पुढे येऊ लागले. चौथी, कल्ल्यापाशी लहानसा पांढरा डाग असलेली, काळीच राहिली. ती मादी होती की नर, देव जाणे, मी तिला मादी ठरवून टाकलं होतं. कोपऱ्यात तिरपी उभी. मी तिच्यापुढे खुर्ची टाकून शाळेच्या वह्या तपासायचे आणि दात-ओठ खात म्हणायचे, "मरू नको वं. तू मेलीस तर तो जिंकला." प्रेमाने नाही म्हणायचे, दम द्यायचे. एका सकाळी तिने माझ्या चिमटीतली अळी ओढून घेतली. बाप्पा, मी ओल्या हाताने डोळे पुसले आणि मग स्वतःलाच शिवी दिली.

नेमका त्याच दिवशी बाजार, आणि भासरे दारात. हातात थैली.

मी वांग्याची भाजी, वरण, भात केला होता. पाहुण्याचं ताट वाढून पुढच्या खोलीत पाटापुढे ठेवलं आणि आत आले. नवरा या वेळी तिथेच बसला होता. भासरे ताटाकडे गेलेच नाहीत. सरळ टाकीकडे. "पुन्हा आणल्या काय? अन् पुन्हा उपाशीच. हे पाह्य, कशी काळी पडली ते." थैलीत हात गेला.

"राहू द्या न, दादा," नवरा म्हणाला, इतक्या हळू की त्यालाही ऐकू आलं नसेल.

मी गॅस बंद केला. बाहेर आले. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरला नाही.

"हात बाहेर काढा. काही टाकू नोका."

भासऱ्यांनी मागे पाहिलं, कोण बोललं म्हणून. मीच होते. ते माझ्याकडे न पाहता नवऱ्याला म्हणाले, "तुयी बायको बोलून राहिली."

"हो," मी म्हटलं, "मीच बोलून राहिली. मागच्या वक्ताले मासे तुमी मारले. तुमच्या मुठीनं. मी परात पाडली तरी तुमाले समजलं नाही. माह्या हातानं मेले नाही ते. अन् माह्या पोटातले लेकरंही माह्या हातानं गेले नाही. मांडवात बोलले न तुमी? इथं बोलून दाखवा, माह्या तोंडावर."

मूठ हवेतच होती. त्यातून कोंडा फरशीवर सांडत होता. भासरे नवऱ्याकडे पाहत राहिले, आता तरी हा हिला आत पाठवेल म्हणून. नवरा उठला. मला वाटलं, आता हा मलाच बोलणार, आणि माझी त्याचीही तयारी होती. तो कोपऱ्यातून झाडू घेऊन आला आणि भासऱ्यांच्या पायाजवळचा कोंडा झाडायला लागला. भासऱ्यांना पाय उचलावे लागले. आधी एक, मग दुसरा, मग मागे सरकत सरकत थेट उंबऱ्यापर्यंत. चपला घातल्या, थैली काखेत मारली आणि न जेवता गेले. आमच्या घरातून माणूस उपाशी जाणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"अपमान झाला दादाचा," नवरा दाराकडे बघत म्हणाला. "साऱ्या सिहोऱ्यात सांगतीन ते आता."

"सांगू द्या."

टाकीत डागवाली कोपरा सोडून मधोमध आली होती. मी भासऱ्यांचा पाट माझ्याकडे ओढला, त्यांच्यासाठी वाढलेल्या ताटापुढे मांडी घालून बसले आणि वांग्याच्या भाजीचा पहिला घास घेतला. एवढी चव मला कधीच लागली नव्हती.

नवरा झाडू हातात धरून उभाच होता. "तुले काहीच नाही वाटून राहिलं?"

मी ताटातला भात संपवला आणि ताट पुढे केलं. "भात वाढा," म्हटलं.