वाचल्याशिवाय सही नाही

चादर दोघींनी धरायची असते. एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. ताणून एक झटका द्यायचा, चालत एकमेकींकडे यायचे, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि पुन्हा मागे सरायचे. मोठ्या पलंगाची एक चादर घडीत बसेपर्यंत दोघी तीनदा समोरासमोर येतात. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा तो कारखाना. यंत्रांचा घरघराट असा, की शेजारणीने हाक मारली तरी कानी पडू नये. म्हणून बोलणे व्हायचे ते या तीन भेटींत. अर्धे वाक्य पहिल्या भेटीला, उरलेले दुसऱ्या भेटीला, आणि उत्तर तिसऱ्या भेटीला. कुणाच्या मुलीचे ठरले, कुणाच्या नवऱ्याने पुन्हा हात उगारला, सारे काही तिथे चादरीबरोबर उलगडे आणि चादरीबरोबरच मिटे.

त्या खोलीत मावशी सव्वीस वर्षे उभ्या होत्या. उभ्या, असेच म्हणावे लागते. कारण घडीच्या खोलीत एकही खुर्ची नव्हती. बसली तर बाई ढिली पडते, असे मालकाच्या वडिलांनी कधीकाळी म्हणून ठेवले होते, आणि वडिलांचे वचन मालकाने भक्तिभावाने पाळले होते. बायकांच्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरांचे जाळे उमटले, तरी वचन मोडले नाही.

मावशींचा हात मात्र देवाने सवडीने घडवलेला. दिव्याच्या उजेडासमोर चादर धरली, की मोहरीएवढा डाग त्यांना दिसे, केसाएवढी चीर दिसे. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी जाई: ‘स्वच्छ, अखंड, तपासून दिले’. खाली मावशींची सही. ती सही पाहिली, की रुग्णालयातला भांडारी गठ्ठा न सोडताच आत घेई. ‘मावशींनी सही केली ना? मग देवाने केली,’ असे तो म्हणायचा, आणि हे ऐकून मावशी लटक्या रागाने म्हणायच्या, “देवाला कशाला मध्ये ओढतोस? त्याला माझ्याएवढं काम झेपायचं नाही.”

संध्याकाळी कार्यालयातला कारकून त्या चिठ्ठ्यांची चळत घेऊन येई. पायऱ्यांसारख्या एकावर एक सरकवलेल्या. प्रत्येकीची फक्त खालची पट्टी उघडी. मावशी एका गठ्ठ्यावर कोपर टेकून, समोरच्या बाईशी बोलता बोलता, साठ-सत्तर सह्या करून मोकळ्या होत. चादरीचा कण न् कण तपासणारी ही बाई कागदाची फक्त कड पाहत होती. पुढचे सारे पाप त्या कडेतून आत शिरले.

आठ महिन्यांपूर्वी एक मुलगी कामाला लागली. बावीस वर्षांची आणि ताडमाड उंच. तिने कोपरे धरले, की चादर कधी जमिनीला टेकत नसे. बायकांनी पहिल्याच दिवशी तिचे नाव ठेवले, शिडी. मावशींनी तिला आपल्या समोर घेतले. पोरीचा हात चालू लागला, जीभ त्याहून जोरात चालू लागली, आणि मावशींना वाटू लागले, आपण निवृत्त झाल्यावर ही खोली कुणीतरी सांभाळील.

एके दिवशी पहिल्या भेटीला शिडी म्हणाली, “मावशी, मुकादम मला सारखे कोठीत बोलावतात.”

कोठी म्हणजे घडी केलेल्या चादरींची बिनखिडकीची खोली. मुकादम म्हणजे तिन्ही पाळ्यांच्या हजेरीचा मालक. दोघी मागे सरल्या.

दुसऱ्या भेटीला ती म्हणाली, “काल दार लावून घेतलं. माझा दंड धरला. अंगाला अंग लावलं. मी ओरडले तर म्हणाले, हजेरी माझ्या हातात आहे.”

पुन्हा मागे. चादर दोघींच्या मध्ये ताणलेली, पांढरीशुभ्र, डागाशिवाय. तिसऱ्या भेटीला मावशींनी उत्तर दिले.

“एकटी कोठीत जाऊ नकोस. आणि तोंड गप्प ठेव. आम्ही काय कमी सोसलंय?”

“तुम्ही सोसलंत म्हणून मीही सोसायचं?” शिडीने कोपरे असे हिसकले, की मावशींच्या बोटांची नखे दुखली.

ती पोर गप्प बसली नाही. घरी जाऊन वहीचा कागद फाडला, घडले ते घडले तसे लिहिले, आणि कार्यालयात दिले. दहा दिवस काही हालले नाही. अकराव्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला आत सोडले नाही. तिच्या हातात एक पत्र ठेवले.

दुपारच्या सुट्टीत मावशी धावत फाटकाशी गेल्या. शिडी फाटकाच्या गजांपलीकडे उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर मावशींना सोपे गेले असते.

“मावशी, तुम्ही?” एवढेच ती म्हणाली, आणि गजांतून पत्र पुढे केले.

मावशींनी वाचले. महिला तक्रार समितीने चौकशी केली. दोन्ही बाजू ऐकल्या. तक्रारीत तथ्य आढळले नाही. तक्रारदार कामगाराचे वर्तनच संशयास्पद आढळले. सबब तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली, ‘अध्यक्ष’ या शब्दावर, मावशींची सही.

बनावट नव्हती हो! बनावट असती तर बरे झाले असते. तीच वळणदार सही, सव्वीस वर्षे गठ्ठ्यांवर केलेली, आणि कुठल्याशा संध्याकाळी चळतीत सरकवलेल्या या कागदावरही उमटलेली. स्वच्छ, अखंड, तपासून दिले.

“शपथ घेते, पोरी, मला यातलं काही...”

“तुम्ही नाही म्हणालात तरी सही हो म्हणतेय,” शिडी म्हणाली. “मी आईला काय दाखवू? तुमचं बोलणं की हा कागद?”

मावशी तिथून निघाल्या त्या थेट कार्यालयाकडे. कार्यालयाचे दार दिवसभर उघडे असायचे, भिंतीला टेकलेले. मावशींनी ते दार आयुष्यात पहिल्यांदा ओढून लावले. मागे, भिंतीवर, काचेच्या चौकटीत कायदा लटकत होता! कामाच्या ठिकाणी बाईच्या अंगाला, मनाला, मानाला धक्का लागता कामा नये. तक्रार ऐकायला समिती हवी. समितीची अध्यक्ष बाईच हवी. चौकशी पुरी होईपर्यंत तक्रार करणारीला कामावरून काढता येणार नाही. अध्यक्षांनी बैठक बोलवावी. खाली पाच वर्षांपूर्वीची तारीख, अध्यक्ष म्हणून मावशींचे नाव, सदस्य म्हणून कारखान्यातल्याच आणखी दोघींची नावे, बाहेरची सदस्य म्हणून एका वकीलबाईंचे नाव आणि फोन क्रमांक.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात म्हणतात. इथे तर दाखवायचे दातही दाराआड लपवले होते. तपासनीस आला की दार लावायचे, गेला की उघडायचे. कायदा करणाऱ्यांनी बाईसाठी कुंपण घातले, आणि ह्यांनी त्या कुंपणालाच शेत खायला शिकवले. ज्या हातांनी रोग्यांच्या अंथरुणातले रक्त धुऊन काढले, त्या हातांकडून एका लेकराच्या अब्रूवर डाग पाडून घेतला. परमेश्वरा, तुझ्या संयमाची कमाल आहे!

ही बातमी घडीच्या खोलीत पोहोचली, तेव्हा चादरी अर्ध्या घडीतच थांबल्या. मग एक जण म्हणाली, “पाच वर्षं अध्यक्ष? मग बसा की अध्यक्षबाई!”

“कशावर?” दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या अंगाचा भडका उडाला होता.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. हे जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेले गृहस्थ. शब्द मोजके, थट्टा अमाप. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे पाच वर्षं मी अध्यक्षांच्या घरी भांडी घासतोय आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?”

“थट्टा नको. मला आज थट्टा सोसायची नाही.”

ते गंभीर झाले. “नको तर नको. मग टपालवाल्याचं ऐक. तोंडी भांडू नकोस. लिहून दे आणि पोच घे. ज्या पत्राची पोच नाही, ते पत्र कधी गेलंच नाही. आणि त्या वकीलबाईंना आत्ता फोन लाव.”

फोन लावला. मग वकीलबाई म्हणाल्या, “मला पाच वर्षांत एकाही बैठकीचं बोलावणं नाही. मला वाटलं, समिती बंद पडली.” पुढचे शब्द त्यांनी दात आवळून उच्चारले. “बैठक बोलवा, अध्यक्षबाई. मी येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी व्यवस्थापकासमोर उभ्या राहिल्या. हातात कागद: तो निकाल माझा नाही, माझी सही फसवून घेतली आहे, मुलीला आजच कामावर घ्यावे, शुक्रवारी समितीची बैठक बोलावली आहे.

“अहो मावशी,” व्यवस्थापक मधाळ हसले, “ते सगळं कागदोपत्री असतं. तुम्ही तर आम्हाला घरच्यासारख्या.”

“घरच्या बाईची सही चोरतात का साहेब?”

“चोरली कुठे? तुम्हीच केलीत. वाचायचं होतं ना!”

हा घाव वर्मी बसला, कारण तो खरा होता.

“तुमचे आठ महिने राहिलेत,” ते हळूच म्हणाले. “शेवट गोड करा. मुकादम बायकापोरांचा माणूस आहे.”

“ती पोर काय आभाळातून पडली? तिलाही आई आहे. पोच द्या.”

“मी हा कागद घेणारच नाही. पोच कसली?”

“बरं,” मावशी म्हणाल्या. “वाचायचं होतं म्हणालात ना? आजपासून वाचते.”

त्या संध्याकाळी कारकून चळत घेऊन आला. मावशींनी पायऱ्या मोडल्या. पहिली चिठ्ठी उचलली, ओळीखाली बोट ठेवले आणि मोठ्याने वाचू लागल्या. गठ्ठा क्रमांक. चादरी. उशांचे अभ्रे. कुठे जाणार. कुणी धुतले. मग गठ्ठा सोडवला, एकेक चादर दिव्यासमोर धरली, पुन्हा बांधला, आणि मग सही. एका चिठ्ठीला पाव तास.

“मावशी, गाड्या उभ्या आहेत!” कारकून रडकुंडीला आला.

“उभ्या राहू देत. आम्ही सव्वीस वर्षं उभ्या आहोत.”

रुग्णालयांचे गठ्ठे मात्र त्यांनी आधी काढले. ते वाचले, तपासले, वेळेत पाठवले. आजाऱ्याची चादर अडवून न्याय मागायचा, तर तो न्याय देवाच्या दारात टिकत नाही, असे त्यांचे मत. हॉटेलांचे गठ्ठे तेवढे छताला लागले. व्यवस्थापकाने दुसऱ्या बाईला सही करायला सांगितले. ती म्हणाली, “मलाही वाचता येतं, साहेब.” तिसरीला सांगितले. ती म्हणाली, “मला येत नाही, मावशी वाचून दाखवतील, मग करते.” हॉटेलांचे फोन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलवाले स्वतः गाडी घेऊन आले आणि ज्या भाषेत बोलले, ती इथे लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींना पोच मिळाली. शिक्का, तारीख आणि व्यवस्थापकांची सही. मावशींनी ती तीनदा वाचली. शिडी आत आली, तेव्हा पहारेकऱ्याने फाटक पूर्ण उघडले. एरवी तो फाटकातली छोटी दिंडी तेवढी उघडायचा.

शुक्रवारी बैठक घडीच्या खोलीतच झाली. कार्यालयातून पाच खुर्च्या आल्या. त्या खोलीच्या जन्मात खुर्ची पहिल्यांदा आली. वकीलबाई बसल्या, समितीच्या दोघी बसल्या, व्यवस्थापकांचा माणूस बसला. मुकादम समोर उभे होते, मान ताठ, मिशीत हसू. मधली खुर्ची अध्यक्षांची. शिडी भिंतीशी उभी होती. अजूनही मावशींकडे सरळ पाहत नव्हती.

मावशी खुर्चीपर्यंत आल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसल्या नाहीत.

“मला इथं बसता यायचं नाही,” त्या म्हणाल्या.

मुकादमांचे हसू रुंदावले. “कळलं ना शेवटी!”

“कळलं. उशिरा कळलं.” मावशी वकीलबाईंकडे वळल्या. “ही पोर सगळ्यांत आधी माझ्याकडे आली होती. तीन भेटींत तिनं मला सगळं सांगितलं, आणि मी तिला तोंड गप्प ठेव म्हणाले. जिनं तक्रार दाबली, ती न्यायाला कशी बसेल? तुम्ही बसा या खुर्चीत. मी साक्ष देणार आहे.”

आणि मावशी चालत गेल्या आणि शिडीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“लिहा,” त्या कारकुनाला म्हणाल्या. “मुलीनं मला कोणत्या दिवशी काय सांगितलं ते लिहा. निकालावर माझी सही कशी घेतली ते लिहा. आणि चोवीस वर्षांपूर्वी याच कोठीत, याच दाराआड, तेव्हाच्या मुकादमानं माझ्याशी काय केलं, तेही लिहा. मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. म्हणून कोठीला आजवर खिडकी पडली नाही.”

यंत्रे बंद होती. कारकुनाच्या लेखणीची खरखर ऐकू येत होती. घडीच्या बायकांपैकी एक पुढे सरकली. “माझंही लिहा,” ती म्हणाली. मग आणखी एक. मुकादमांची मान पहिल्यांदा वळली, दाराच्या दिशेने. दारात हॉटेलवाल्याच्या गाडीचा चालक उभा राहून ऐकत होता. तो बाजूला झाला नाही.

साक्ष लिहून झाली. कारकुनाने सवयीप्रमाणे कागद सरकवला, खालची पट्टी मावशींकडे. मावशींनी कागद उचलून दिव्यासमोर धरला, जशी चादर धरावी तसा.

मग त्यांनी तो शिडीसमोर धरला. “माझे डोळे थकलेत,” त्या म्हणाल्या, आणि ते खोटे होते. “तू वाच. एक शब्द सोडू नकोस.”

शिडीने कागदाचे वरचे दोन कोपरे धरले, मावशींनी खालचे. पोर मोठ्याने वाचू लागली. कुणालाच घाई नव्हती. शेवटच्या ओळीपर्यंत ती थांबली नाही.

तेव्हा कुठे मावशींनी सही केली.